डायना परत करायला सांगलीला

अकरा वर्षांपूर्वी आठ दिवसांसाठी म्हणून उसनी आणलेली डायना नावाची एक छऱ्याची बंदूक परत करायला आम्ही जानेवारीच्या शेवटी सांगलीला गेलो. ती ज्यांची होती, त्या अण्णांना जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्ध घरच्यांनी केलं होतं. त्याला लागून आलेल्या रविवारी आम्हा छर्रेवाल्या मंडळींनी तासगावजवळच्या एका द्राक्षबागेत ‘अण्णांची मॅच’ ठरवली होती. मॅच कसली, पंधरा-वीस माणसं, कागदाची टार्गेटं आणि जेवण.

अण्णा साखर कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर सांगलीत गावभागातल्या घराच्या पडवीत जुनं लेथ मांडून बसले. सांगली, कोल्हापूर, कराडपासून पार पुण्यापर्यंत कुणाची एअरगन बिघडली की कुणीतरी त्यांचाच नंबर द्यायचं. आमच्यात त्यांचं नाव ‘वायसरवाले अण्णा’. जुन्या स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टनच्या तोंडाशी चामड्याचं वायसर असतं. ते सुकलं की हवा गळते आणि छर्रा टार्गेटपर्यंत जातो तो नुसता उपकार केल्यासारखा. तयार वायसर सहज मिळत नाही. अण्णा कोल्हापुरी चपला करणाऱ्या एका कारागिराकडून चामड्याचे तुकडे आणायचे, गोल कापायचे, तेलात मुरवायचे आणि पाकिटात घालून ज्याला हवं त्याला पाठवायचे. पैशाचं विचारलं की म्हणायचे, “चपलेचा तुकडा आहे तो. त्याचे काय पैसे घेऊ?”

माझी पहिली बंदूक स्प्रिंग तुटून पडली तेव्हा ज्याला त्याला विचारून झालं. सल्ले भरपूर मिळाले. अण्णांनी बंदूकच मागवून घेतली आणि पुण्याला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती त्यांची डायना २७ पाठवली. “तुझी दुरुस्त होईपर्यंत हिच्यावर हात बसव. आठ दिवस लागतील.” माझी बंदूक खरंच आठ दिवसांत आली. डायना परत न्यायला मात्र ते कधी राजी झाले नाहीत. दर वेळी काहीतरी निघायचं. आत्ता घरी रंगकाम आहे, आत्ता पाऊस आहे, आत्ता मी गावाला चाललोय.

पहिला दिवस: पुणे ते गावभाग

पहाटे साडेपाचला निघालो. गाडी चालवायला भाचा, शेजारी डुलक्या काढायला मी, आणि मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधलेली डायना. रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. खंबाटकी उतरल्यावर चहा बरा मिळाला, कराडपर्यंत ऊन वर आलं.

कराड आलं की अण्णांचं एक ठरलेलं वाक्य आठवतं, “गोळेश्वरला वाकून जात जा.” खाशाबा जाधवांचं गाव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. आता अण्णांचा कुस्तीशी काय संबंध, असं मला वाटायचं. १ ऑगस्ट २०२४ ला दुपारी त्यांचा फोन आला. पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजीची फायनल चालू होती आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये उतरला होता. अण्णा म्हणाले, “काही बोलू नकोस. नुसता फोन धर.” गुडघ्यावर बसून आणि पालथं पडून मारायचे छर्रे... चुकले, तिथं गोळ्या असतात. तर, त्या दोन्ही पोझिशन झाल्या तरी तो मागेच होता. उभ्यानं मारताना वर सरकला. तेवढा वेळ मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून अण्णांच्या घरातल्या टीव्हीचा आवाज ऐकत होते. ४५१.४ गुण आणि कांस्य. मग अण्णा म्हणाले, “खाशाबांनंतर आपल्या मातीला बहात्तर वर्षं लागली बघ. आणि गावं बघितलीस तर एका दिवसात एस.टी.नं दोन्ही करून येशील.”

आम्ही गोळेश्वरला थांबलो नाही. परतताना थांबू म्हटलं, आणि परतताना कराडला पोचलो तेव्हा अंधार झाला होता. त्यांचं हे ऐकायचं राहिलंच.

पेठ नाक्याला हायवे सोडला. या भागात आलं की अख्खा मसूर. साडेदहाला ताटभर रोटी आणि तवंगवाला मसूर खाल्ला. त्याला नाश्ता म्हणावं की जेवण, यावर आष्ट्यापर्यंत वाद चालला.

*एअरगन घेऊन प्रवास करणाऱ्यांसाठी:* ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ बोअरच्या आणि वीस ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. तरी खरेदीची पावती आणि ओळखपत्र जवळ ठेवा. बंदूक रिकामी, कव्हरात, आणि छर्रे वेगळ्या पिशवीत. हॉटेलात जाताना ती गाडीत सोडून जाऊ नका आणि टेबलावर उघडूनही बसू नका. माझ्या डायनाची पावती कुठून असणार, ती माझ्यापेक्षा वयानं मोठी. म्हणून अण्णांनी वहीचं पान फाडून एक चिठ्ठी लिहून दिली होती, तारीख आणि सही करून. अकरा वर्षं ती कव्हराच्या खिशात आहे. कुणी कधी विचारली नाही.

गावभागात गाडी घराच्या बरीच अलीकडे लावावी लागते. काकू दारातच होत्या. “आलीस? आण ती इकडं. तूही आणलीस ना?”

आत गेल्यावर त्या ‘तूही’चा अर्थ कळला. पडवीच्या भिंतीवर शिसवी लाकडाच्या चार खुंट्या आहेत. चारींवर बंदुका होत्या. खाली सतरंजीवर आणखी चार टेकवून ठेवलेल्या. माझी नववी. गेल्या महिन्याभरात जो तो येऊन परत देऊन गेला होता.

“मला सांगायचे, माझ्याकडं चारच आहेत,” काकू म्हणाल्या. “खुंट्या चार म्हणजे बंदुका चार, असा माझा हिशोब. एक खुंटी कायम रिकामी असायची, तर मी म्हणायची, गेली वाटतं कुणाकडं. हे काय माहीत, की नऊ आहेत आणि सगळ्या कधी एका वेळी घरी आल्याच नाहीत! आणि प्रत्येक वेळी काय म्हणायचे, भंगारात मिळाली. असलं कुठलं गं भंगार?”

मी काय बोलणार. माझ्या हातात त्यातलीच एक होती. तुटलेली स्प्रिंग, नवं वायसर, छऱ्यांच्या डब्या, दिवाळीला कुणाकुणाच्या पोरांना पाठवलेली टार्गेटं, हे सगळं एका फिटरच्या पेन्शनीतून जात होतं. आम्ही घेणारे ‘अण्णा म्हणजे दिलदार माणूस’ म्हणून मोकळे झालो. काकूंनी किती वेळा किराण्याची यादी छोटी केली असेल, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं. मी तसं काहीसं म्हणायला लागले, तर त्यांनी हात केला. “असू दे. दारू पीत नव्हते.”

दाराच्या चौकटीवर तीन खुणा आहेत. २००५, २०१९ आणि २०२१, महापुराचं पाणी कुठवर आलं त्या. अण्णांनी गुण्यात धरून, स्टीलच्या पट्टीनं आखलेल्या. २०१९ ची खूण माझ्या डोक्याच्या वर येते. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. पंचेचाळीसला धोक्याची पातळी. पाणी चढायला लागलं तेव्हा पडवीत दुरुस्तीला आलेल्या लोकांच्या सात बंदुका होत्या. अण्णांनी त्या एकेक करून माळ्यावर नेल्या. स्वतःची फाइनवर्कबाऊ ३००, जर्मन मॅच रायफल, आयुष्यात घेतलेली एकमेव महागाची वस्तू, ती खालीच राहिली.

“लोकांच्या सात वर,” काकू म्हणाल्या, “स्वतःची पाण्यात. आणि माझं गहू-तांदूळ मी नेलं, एकटीनं.”

पाणी ओसरल्यावर ती रायफल चिखलातून काढली. लोखंड डिझेलमध्ये धुऊन, घासून अण्णांनी वाचवलं. अक्रोडाचा दस्ता फुगून फाटला तो फाटलाच. त्याची पुढची गोष्ट तिसऱ्या दिवशी येईल.

संध्याकाळी हरिपूरला गेलो. कृष्णा आणि वारणेचा संगम, वर संगमेश्वराचं देऊळ. थंडीत पाणी संथ असतं, घाटावर बसलं की पलीकडच्या काठावरचं बोलणं ऐकू येतं. हरिपूर हळदीच्या पेवांसाठी ओळखलं जायचं. जमिनीत खोल खड्डे करून त्यांत हळद साठवायची, वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात कितीतरी पेवांत पाणी शिरलं. अण्णा इथं यायचे ते घाटावर बसायला. छऱ्यांचा डबा कानाशी हलवून किती उरले ते ओळखायची पैज लावायचे. हरले की भडंग.

*टीप:* हळद घ्यायची असेल तर जानेवारी ते मार्च हा नव्या मालाचा काळ. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. हळकुंडं घ्या आणि दळून आणा, तयार पुडीच्या नादाला लागू नका. हरिपूरला सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा.

रात्री काकूंनी कृष्णाकाठची वांगी भरून केली होती. आता हे वांगं पुण्यातही मिळतं असं लोक म्हणतात. लोक काहीही म्हणतात.

दुसरा दिवस: तासगाव

साडेसहाला निघालो तर धुकं इतकं की पुढच्या उसाच्या ट्रॉलीचा फक्त मागचा लाल दिवा दिसत होता. काकू पुढं बसल्या, मांडीवर भडंगाचा डबा. भाच्याला वाटेत दोनदा सांगितलं, “सावकाश. मॅच पळून चालली नाही.”

बागेत पोचलो तेव्हा घडांना वर्तमानपत्रं गुंडाळलेली दिसली. रांगाच्या रांगा बातम्या लटकताहेत. भाच्यानं एक मथळा वाचला, दोन महिन्यांपूर्वीचा. बागवाले दादा म्हणाले, रात्री गार आणि दिवसा ऊन लागलं की हिरवे मणी गुलाबी पडतात, मग व्यापारी भाव पाडतो. म्हणून कागद. त्यांच्या दवाच्या, डावणी रोगाच्या आणि औषधांच्या गोष्टी ऐकताना आमच्यातले दोघेतिघे ‘आपण पण एखादी बाग घ्यावी’ म्हणणारे गप्प झाले.

बागेच्या टोकाला बेदाण्याचं शेड. आतमध्ये जाळ्यांचे मजले एकावर एक, बाहेरून हिरवी शेडनेट. हंगाम अजून सुरू व्हायचा होता म्हणून रिकामं. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून या जाळ्यांवर पसरतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. शेडच्या आडोशाला वारा लागत नव्हता आणि समोर मातीचा उंच बांध. अण्णांनीच ही जागा हेरली होती, पाच-सहा वर्षांपूर्वी. मालकाला म्हणाले होते, “तुमचं शेड चार महिने काम करतं, आठ महिने आम्हाला द्या.”

नियम त्यांचेच, एका पुठ्ठ्यावर लिहून शेडच्या खांबाला बांधलेले. नळी कायम बांधाकडं. कुणी टार्गेट बदलायला गेलं की सगळ्यांच्या बंदुका मोडून, म्हणजे नळी खाली पाडून, टेबलावर. डोळ्याला चष्मा. पाखरावर नेम धरला तर बंदूक जप्त. (वन्यजीव कायदा आहेच, पण पोरं कायद्यापेक्षा अण्णांना घाबरायची.) आणि शेवटचा, ठळक अक्षरात: हात साबणानं धुतल्याशिवाय भडंगाला हात लावू नये. छर्रा शिशाचा असतो, बोटं काळी होतात आणि तेच पोटात जातं. हा नियम मी दुसऱ्या कुठल्याही मैदानावर इतका कडक पाळलेला पाहिला नाही.

माणसं जमली. कराडचे एक डॉक्टर, कोल्हापूरचे बँकेतले एक काका, दुधाळीच्या रेंजवर सराव करणाऱ्या दोन मुली. कोल्हापूरच्या मुलींना बंदूक हातात घ्यायला आता कुणाला समजवावं लागत नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं. दोघी एकाच शहराच्या. आमच्याकडं आलेल्या त्या दोघी मुलींपैकी धाकटी मला म्हणाली, “अण्णा आजोबांनी माझ्या जॅकेटचं बक्कल करून दिलं होतं. लेथवर.”

साडेआठला एक म्हातारे गृहस्थ मोटारसायकलवरून आले. मागे लाकडी फळा, दोरीनं बांधलेला, आणि पिशवीत दोन बंदुका. मला वाटलं गॅसवाले. ते जत्रेतले फुगेवाले निघाले. फळ्यावर फुगे लावून छऱ्यानं फोडायचे, तो धंदा. अण्णा गेल्याचं त्यांना दोन महिन्यांनी कळलं होतं.

“आमच्या जत्रंत आलं हुतं अण्णा,” ते सांगायला लागले. “दहा छरं मारलं, एक बी फुगा फुटंना. मग बंदूक हातात घेऊन बघितली. म्हनलं, बाबा, हिची नेम धरायची माशी वाकडी हाय. मी म्हनलं, साहेब, मुद्दाम वाकडी हाय. सरळ केली तर धंदा बुडंल की.”

सगळे हसले. ते हसले नाहीत.

“तर म्हनलं, दोन बंदुका हाईत न्हवं तुझ्याकडं? एक मोठ्यांसाठी वाकडीच ठेव. एक बारक्या पोरांसाठी सरळ कर. तितंच बसून सरळ केली, वायसर घातलं. दर साली यायचं. वायसर बदलायचं. पैसं न्हाईत घेतलं कधी. फुगं मारायचं, पर वाकडीनंच.”

त्यांनी फळा बांधापाशी उभा केला, फुगे फुगवले. दहा मीटरवरून टार्गेट मारण्याऐवजी निम्मी माणसं वाकडी बंदूक घेऊन फुग्यांवर तुटून पडली. डॉक्टरांचे आठ गेले. मुलींपैकी थोरलीनं तिसऱ्या छऱ्यात वाकडेपणा ओळखला, उजवीकडं नेम धरून सलग पाच फोडले. फुगेवाल्यांनी हात जोडले. “ताई, तुम्ही जत्रंत येऊ नका.”

मॅचही झाली. दहा मीटरवर उभ्यानं वीस छर्रे. ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा साडेचारचा. म्हणजे ठिपका दिसतच नाही, काळ्या वर्तुळाच्या मध्यावर विश्वास ठेवायचा. त्यात स्प्रिंगची बंदूक छर्रा नळीत असतानाच पुढं-मागं हिसका देते. तिला आवळून धरलं की ती रुसते. अण्णा माझ्या डाव्या हाताची बोटं उलगडून ठेवायचे. “भाकरी तव्यावर टाकतीस तशी ठेव. टाकल्यावर दाबतीस का?” मला भाकरी येत नाही, हे त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

डायनावरून मारलेला माझा शेवटचा डाव होता. वीस छऱ्यांत १५८. लाज वाटण्यासारखे नाहीत, सांगण्यासारखेही नाहीत.

जेवायच्या आधी आणखी एक गोष्ट घडली. एक जण लांब, ट्रॅक्टरपाशी उभा होता. कुजबुज झाली. त्याला अण्णांनी दिलेली बंदूक त्यानं विकली होती, चार वर्षांपूर्वी, अडचणीत. सगळ्यांना माहीत होतं. अण्णांनाही माहीत होतं, कुणी विषय काढला की लेथ चालू करायचे. तो छऱ्यांची एक डबी घेऊन आला होता आणि ती कुणाला द्यावी हे त्याला कळत नव्हतं. काकू उठून त्याच्यापाशी गेल्या.

“किती आले तिचे?”

त्यानं आकडा सांगितला.

“कमी आले,” काकू म्हणाल्या. “चल, जेवायला बस.”

शाळूची भाकरी, हरभऱ्याची भाजी, खर्डा, शेंगांची चटणी, आणि बागेतली द्राक्षं कितीही. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. काकूंना कुणीतरी म्हणालं, एक छर्रा तुम्हीही मारा, अण्णांच्या आठवणीचा. त्या म्हणाल्या, “चाळीस वर्षं घरात तो आवाज ऐकलाय. आज लांबून ऐकला, बरा वाटला. तेवढं पुरे.”

*टीप:* तासगाव भागात द्राक्षं बघायला जायचं तर जानेवारीअखेर ते मार्च. बागेत विचारल्याशिवाय शिरू नका. फवारणी झालेली असते, आणि तोडून खाल्लेला घड कुणाच्या तरी निर्यातीचा असू शकतो. बेदाणा नवा हवा असेल तर मार्चनंतर. भडंग सांगलीहून नेताना त्याच दिवशीचा मागा आणि घरी गेल्या गेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

तिसरा दिवस: मिरज आणि परत

सकाळी गणपतीचं दर्शन घेतलं. काळ्या दगडातलं पटवर्धनांचं देऊळ, सकाळी लवकर गेलात तर निवांत. तिथून मिरज दहा-बारा किलोमीटर.

मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. पिढ्यान् पिढ्या सतारी आणि तानपुरे करणारी घरं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दारात वाळत घातलेले भोपळे, आत लाकडाचा भुसा, आणि मधूनच एखादी तार ‘टण्’ करून गप्प होते. पुरात फाटलेला दस्ता घेऊन अण्णा इथंच एका कारागिराकडं आले होते. सुतारांनी दस्ता म्हणजे पलंगाचा पाय समजून तासला असता, असं त्यांचं म्हणणं.

कारागीर साठीचे. काकूंना बघून उठले, चटई टाकली.

“पहिल्यांदा मी नाहीच म्हटलं,” ते सांगत होते. “म्हटलं, आम्ही वाजवायच्या वस्तू करतो, मारायच्या करत नाही. ते म्हणाले, ही पण मारायची नाही, कागदाला भोक पाडायची आहे. मग रोज यायला लागले. येताना वांगी आणायचे. मी तुनाचं लाकूड काढलं, सतारीसाठी ठेवलेलं. ते गाल टेकवून बघायचे, मी तासायचो. परत गाल, परत रंधा. सतारीला कान लागतो, याला गाल लागतो. दीड महिना गेला. चपड्याचं पॉलिश मी केलं, सतारीला करतो तसंच.”

मी विचारलं, पैसे?

ते हसले. “त्यांनी दिले. सगळे, वेळेवर. आणि माझ्या तारा ओढायच्या यंत्राचा एक भाग झिजला होता, तो लेथवर करून आणून दिला. त्याचे घेतले नाहीत. मी म्हटलं, मग माझे कशाला देता? तर म्हणाले, तुमचा धंदा आहे, माझा नाद आहे.”

काकूंनी हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. चटईचा धागा ओढत बसल्या थोडा वेळ. मग म्हणाल्या, “वांगी इथं यायची होय. मला वाटायचं, भाजीवाला वजनात मारतोय.”

*टीप:* सतारमेकर गल्लीत जाताना सकाळी जा, दुपारी जेवणाच्या वेळी दारं ओढलेली असतात. फोटो काढायच्या आधी विचारा. वाद्य विकत घ्यायचं नसेल तर तसं आधीच सांगा, मग माणसं जास्त मोकळेपणानं दाखवतात.

परत गावभागात आलो. निघायची वेळ झाली. डायना मी सतरंजीवर बाकीच्यांच्या ओळीत ठेवली. काल रात्रीपर्यंत दहावी, अकरावी आली होती. भाच्यानं विचारलं, आता या सगळ्यांचं काय करणार? काकू म्हणाल्या, “काही दिवस राहू देत. एकदा तरी सगळ्या घरी बघू दे मला. मग आहेतच घेऊन जाणारे.”

कव्हर मात्र माझं होतं, ते नेलं पाहिजे म्हणाल्या. रिकामं कसं न्यायचं म्हणून आत गेल्या आणि वांगी घेऊन आल्या. काटेरी, देठाची, दोन किलो तरी. मग हळकुंडं. मग भडंगाच्या दोन पुड्या. बंदुकीच्या कव्हरात हे सगळं अगदी नीट बसलं, नळीच्या जागी हळकुंडं आणि दस्त्याच्या जागी वांगी. चेन लावली आणि मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधलं.

साताऱ्याच्या पुढं, रात्री साडेनऊच्या सुमाराला, नाकाबंदी होती. अकरा वर्षांत कधी न थांबवलेली आमची गाडी थांबवली. टॉर्च मागच्या सीटवर गेला.

“ताई, हे काय आहे?”

“कव्हर आहे. बंदुकीचं. एअरगनच्या.”

“उघडा.”

मी उघडलं. हवालदारांनी वांग्यांवर टॉर्च धरला, बराच वेळ. मग खिशातून अण्णांची चिठ्ठी बाहेर डोकावत होती ती ओढून काढली आणि मोठ्यानं वाचली, “सदर छऱ्याची बंदूक माझ्या मालकीची असून पोरीला सरावासाठी आठ दिवस वापरण्यास दिली आहे. कृपया अडवू नये.”

त्यांनी तारीख पाहिली, परत वांगी पाहिली.

“आठ दिवस म्हटलंय.”

“हो. परत करूनच येतेय.”

त्यांनी चिठ्ठी घडी घालून होती तिथं ठेवली. “काटेरी आहेत,” चेन ओढताना म्हणाले. “भरून करा.”